मारुती ८०० (१९९२): टायमिंग जुळलेले दिसते, तरी व्हॅक्यूम कमी आणि घाटात गाडी दम धरत नाही

बावधनची_आठशे:

नमस्कार. वडिलांनी १९९२ साली घेतलेली मारुती ८०० अजून माझ्याकडे आहे. कार्ब्युरेटरवाली, पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क असलेली), तीन सिलिंडरची ७९६ सीसीची गाडी आहे. आठवड्यातून दोनदा ती पुण्यात फिरते आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला जाते. गेल्या दिवाळीपर्यंत तिची काही तक्रार नव्हती.

दिवाळीनंतर ती सिग्नलला उभी असताना थरथरू लागली. स्लो, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, इतका खालावला की हेडलाइट लावले तरी इंजिन बंद पडायचे. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मेकॅनिकने प्लग आणि पॉइंट बदलले, स्लोचा स्क्रू आत फिरवून इंजिनचे फेरे वाढवले आणि टायमिंगच्या दिव्याने टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावून दिले. थरथर जवळजवळ थांबली. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते. मात्र खंबाटकीचा घाट जी गाडी तिघांना घेऊन तिसऱ्या गियरमध्ये चढायची, ती आता दुसऱ्यातही रडत चढते आणि वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या बराच वर गेलेला असतो. ॲव्हरेजही अठरावरून चौदावर आले आहे. पुन्हा त्याच गॅरेजमध्ये नेली, तर "टायमिंग खुणेवर आहे, आता कार्ब्युरेटरच नवा बसवा," असे सांगण्यात आले.

नवा कार्ब्युरेटर घेण्याआधी स्वतः काही मोजून पाहावे म्हणून व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा ओढते तेव्हाचा कमी दाब मोजणारे) आणि ॲडव्हान्सचा, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते दाखवणारा, डायल असलेला टायमिंगचा दिवा आणला. इंजिन पूर्ण तापल्यावर घेतलेली मापे अशी आहेत. इनटेक मॅनिफोल्डला गेज जोडले असता स्लोवर काटा पाऱ्याच्या साडेतेरा इंचांवर राहतो आणि थोडा थरथरतो. स्लो ११५० फेऱ्यांवर आहे; तो ८५०पर्यंत आणला की इंजिन हलू लागते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते. फ्लायव्हीलवरची खूण बेलहाउसिंगच्या खिडकीतून पाहिली, तर ती जागेवर दिसते, पण एका ठिकाणी स्थिर राहत नाही, दोन-तीन अंश मागेपुढे नाचते. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत आहे आणि हायड्रोकार्बनचा आकडा मागच्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट आहे.

गेजच्या डब्यावर १८ ते २२ इंच हे चांगल्या इंजिनाचे लक्षण म्हणून छापले आहे. त्या हिशेबाने माझे इंजिन संपलेच म्हणायचे काय? टायमिंग खुणेवर असताना घाटात शक्ती कुठे जाते? आणि टायमिंग बेल्ट दोन वर्षांपूर्वी बदलला आहे, तो एखादा दात सरकला असेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डोंबिवली_गॅरेजबाहेर:

तुमच्या गेजच्या डब्यावरचा आकडा समुद्रसपाटीचा आहे, हे आधी लक्षात घ्या. गेज बाहेरच्या हवेच्या दाबाशी तुलना करून आकडा दाखवते आणि जसजसे वर जावे तसतसा तो दाबच कमी होत जातो. साधारण दर तीनशे मीटरला एक इंच असा हिशेब धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ दोन इंच इथेच वजा झाले. माझी १९९४ची आठशे डोंबिवलीत साडेअठरा दाखवते. तीच गाडी तुमच्या दारात उभी केली तर साडेसोळा-सतरा दाखवेल आणि ती तेवढीच निरोगी असेल. तेव्हा तुमची खरी तूट तीन-साडेतीन इंचांची धरा.

काटा थोडा थरथरतो, त्याची फार काळजी करू नका. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत तीनदाच हवा ओढली जाते, त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीसारखा तो गुळगुळीत थांबत नाही. गेजची नळी बोटांनी थोडी दाबून धरली की थरथर कमी होते आणि सरासरी आकडा वाचता येतो. काटा ठरावीक अंतराने एकदम खाली आपटत असेल, तर मात्र तो एखाद्या व्हॉल्व्हचा दोष असू शकतो. तुमच्या वर्णनात तसे दिसत नाही.

मला स्वतःला बेल्टचाच संशय येतो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) कॅमशाफ्टवरून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून, फिरतो. बेल्ट एक दात सरकला की व्हॉल्व्हची वेळ तर चुकतेच, शिवाय ठिणगीची वेळही तेवढीच सरकते. मेकॅनिकने दिवा लावून डिस्ट्रिब्युटर फिरवला की ठिणगी जागेवर येते आणि खूण जुळलेली दिसते, पण व्हॉल्व्ह चुकलेलेच राहतात. व्हॅक्यूम कमी, टायमिंग मात्र बरोबर आणि चढावर शक्ती नाही, ही तिन्ही लक्षणे त्यात बसतात.

निवृत्त_फिटर_सातारा:

डोंबिवलीकरांनी उंचीचा मुद्दा अगदी योग्य मांडला आहे आणि बेल्टचा तर्कही चुकीचा नाही. तरीही बेल्टचे कव्हर उघडण्याआधी मला एक गोष्ट विचारायची आहे. आपण, आणि त्याआधी त्या मेकॅनिकने, टायमिंग पाहताना डिस्ट्रिब्युटरच्या डायफ्रामची, म्हणजे व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेणाऱ्या पडद्याची, बारीक नळी काढून तिचे तोंड बंद केले होते काय? केले नसेल, तर आपण पाहिलेले टायमिंग हे टायमिंगच नव्हे. खूण नाचते असे आपण लिहिले आहे, त्यावरून माझा संशय तिकडेच जातो.

हे थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या घाटाच्या तक्रारीचे मूळ मला यातच दिसते. डायफ्रामची नळी कार्ब्युरेटरला जिथे जोडलेली असते, ते छिद्र थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वरच्या बाजूला असते. पाकळी स्लोवर जवळजवळ बंद असताना ते छिद्र व्हॅक्यूमपासून तुटलेले राहते आणि डायफ्राम झोपलेला असतो. पाकळी थोडी उघडली की तिची कड छिद्राच्या वर सरकते, छिद्राला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम लागतो आणि डायफ्राम पॉइंटची प्लेट ओढून टायमिंग पुढे नेतो. कारखान्याने दिलेला टायमिंगचा आकडा हा डायफ्राम झोपलेला असतानाचा आहे.

आता आपल्या गाडीचे काय झाले असावे, ते पाहा. कुठून तरी बाहेरची हवा आत येऊ लागली, मिश्रण पातळ झाले (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि स्लोवर इंजिन मिस करू लागले. मेकॅनिकने स्लोचा स्क्रू आत फिरवला. पाकळी जास्त उघडल्याने कार्ब्युरेटरच्या भिंतीतली वरची बारीक छिद्रे उघडी पडली, त्यांतून जादा पेट्रोल आले आणि थरथर थांबली. मात्र त्याच हालचालीत डायफ्रामचे छिद्रही उघडे पडले. मग त्याने दिवा धरला. डायफ्रामने टायमिंग आधीच पुढे नेलेले, त्यामुळे खूण पुढे गेलेली दिसली. त्याने डिस्ट्रिब्युटर मागे फिरवून ती जागेवर आणली. त्याच्या डोळ्यांना टायमिंग जुळले, पण इंजिनाचे मूळ टायमिंग डायफ्रामने दिलेल्या अंशांइतके मागे पडले.

सपाटीवर एक्सिलरेटर हलका असतो, व्हॅक्यूम भरपूर असतो, डायफ्राम ती तूट बरीचशी भरून काढतो आणि आपल्याला फारसे काही जाणवत नाही. खंबाटकीला एक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम शून्याजवळ येतो आणि डायफ्राम सैल पडतो. मग उरते ते मागे पडलेले मूळ टायमिंग आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या, फेऱ्यांबरोबर टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांचा ॲडव्हान्स. नेमकी जिथे ताकद हवी, तिथे ठिणगी उशिरा पडते, उशिरा जळणारा वायू एक्झॉस्टपर्यंत जळत जातो आणि इंजिन तापते. बेल्ट सरकला असता तर गाडी सपाटीवरही मंद वाटली असती. घाट आणि सपाटी यांत एवढा फरक पडला नसता.

आपल्या पीयूसीच्या कागदातही हेच लिहिलेले आहे. पेट्रोल जास्त जात असते तर कार्बन मोनॉक्साइड वाढला असता. तो वाढलेला नाही आणि हायड्रोकार्बन वाढला आहे, म्हणजे मिश्रण पातळ असल्याने अधूनमधून एखादा घास न जळताच बाहेर पडतो आहे. कार्ब्युरेटर नवा आणून याच पॅकिंगवर बसवला असता, तर तोही असाच वागला असता.

तपासणीचा क्रम मी असा ठेवीन. सर्वप्रथम पॉइंटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे का ते पाहा, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकते. गॅप कमी झाला तर ठिणगी मागे पडते, वाढला तर पुढे जाते. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये घासून बसते, म्हणून नवे पॉइंट घातल्यावर एकदा गॅप पुन्हा पाहावाच लागतो. हे गॅरेजमध्ये कोणी करत नाही, कारण गिऱ्हाईक तेवढ्यासाठी परत येत नाही. त्यानंतर डायफ्रामची नळी काढून तिच्या तोंडात एखादा लहान स्क्रू बसवा, स्लो जितका खाली टिकेल तितका आणा आणि दिव्याच्या डायलने खरे मूळ टायमिंग मोजा. आत्ता डिस्ट्रिब्युटर फिरवू नका, फक्त आकडा लिहून ठेवा. मग इंजिन हळूहळू तीन हजारांपर्यंत न्या. खूण सलग पुढे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर तितकीच सलग परत आली पाहिजे. अडकत आली तर आतली वजने गंजली आहेत. इंजिन बंद करून रोटर बोटांनी फिरवून सोडल्यास तो स्प्रिंगने स्वतः जागेवर यायला हवा.

डायफ्राम तपासण्यासाठी हाताचा व्हॅक्यूम पंप नसेल तर टोपण उघडून नळी तोंडाने ओढा; प्लेट हललेली दिसते. नळीचे तोंड जिभेने बंद ठेवले असता प्लेट तिथेच थांबली तर डायफ्राम शाबूत आहे. पेट्रोलची चव सहन करावी लागते, ती आम्ही तीस वर्षे सहन केली.

हवा कुठून येते, याचे उत्तर प्लगच्या तारांत आहे. इंजिन चालू असताना एकेक तार अर्थ करून (इंजिनाच्या धातूला टेकवून) तो सिलिंडर मारा आणि फेरे किती पडतात ते लिहा. एकाच सिलिंडरने फेरे कमी पाडले, तर गळती त्याच्या फांदीजवळ, म्हणजे मॅनिफोल्डच्या पॅकिंगला आहे. तिन्ही सारखेच पडले, तर ती सगळ्यांना सामाईक जागी आहे: कार्ब्युरेटरचे बूड, त्याखालचा बेकलाइटचा इन्सुलेटर किंवा जाड नळ्या. तार अर्थ न करता नुसती मोकळी सोडू नका, कॉइलला ते मानवत नाही.

कानाने टायमिंग लावणाऱ्यांना मी हसत नाही, कारण मीही अँबेसिडरवर तेच करत मोठा झालो. तिच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला ए (ॲडव्हान्स, पुढे) आणि आर (रिटार्ड, मागे) लिहिलेली एक बारीक चाकी असे; गाडी चौथ्या गियरमध्ये चढावर दाबायची, किंचित नॉकिंग (इंजिनातली खटखट) आले की चाकी आर बाजूला थोडी फिरवायची. मात्र १९९२ साली पंपावर मिळणारे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे होते आणि आजचे त्याहून बरेच जास्त आहे. आता टायमिंग पुढे असले तरी नॉकिंग ऐकू येत नाही आणि मागे असले तर ते तसेही ऐकू येत नाही. कानाला सापडेल असे काही उरलेलेच नाही.

कोथरूड_सहज:

गळती शोधायला उदबत्ती हा सोपा उपाय आहे. पेटवलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवली की धूर जिथे आत ओढला जातो, तिथे हवा आत जात असते. मी फ्रीजच्या दाराचे रबर असेच तपासले होते.

आणखी एक गोष्ट सुचवतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून गेलेले मिश्रण आपोआप थोडे पातळ पडते. इंजेक्शनच्या गाड्या ते सुधारून घेतात, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. शिवाय १९९२च्या रबराच्या नळ्या आणि वायसर त्यासाठी बनलेले नव्हते. स्लोची तक्रार अशा गाड्यांत अलीकडे वाढली असण्यामागे हेही एक कारण असू शकते.

निवृत्त_फिटर_सातारा:

उदबत्ती फ्रीजपुरतीच ठेवावी, ही हात जोडून विनंती. कार्ब्युरेटरच्या बुडाशी पेट्रोलची वाफ असते आणि तिथे निखारा नेणे म्हणजे आग बोलावणे. काही लोक कार्ब क्लीनरचा फवारा मारतात, तोही गरम एक्झॉस्टवर पेट घेतो. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली घ्या, तिचे तोंड बारीक धारेला लावा आणि एका वेळी एकाच सांध्यावर पाणी मारा. गळती असेल तर पाणी ती फट क्षणभर बंद करते आणि इंजिनचा आवाज बदलतो. डिस्ट्रिब्युटरवर मात्र एक थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर नवीनच आजार सुरू होईल.

इथेनॉलबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. त्याने मिश्रण थोडे पातळ होते, पण तीन इंच व्हॅक्यूम त्याने जात नाही.

डोंबिवली_गॅरेजबाहेर:

एक गोष्ट लिहायची राहिली. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर मिनिटभर धरा आणि गेज पाहा. काटा स्थिर राहिला तर ठीक. हळूहळू खाली येत राहिला तर एक्झॉस्ट तुंबला आहे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत विकल्या गेलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, तुमची गाडी त्याआधीची असल्याने तो प्रश्न नाही, पण जुन्या सायलेन्सरच्या आतली पत्र्याची जाळी तुटून आडवी पडते, हे मी एकदा अनुभवले आहे.

बावधनची_आठशे:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस यातच गेले. सांगितलेल्या क्रमानेच सगळे केले आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिला, तो इथे देतो.

फिटर काकांच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम. नळी काढलेली नव्हती. मीही काढली नव्हती आणि गॅरेजमध्ये माझ्यासमोर दिवा लावला, तेव्हाही ती जोडलेलीच होती. शनिवारी सकाळी पॉइंटचा गॅप पाहिला, तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाशी निघाला, जुळवून घेतला. मग नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू बसवला आणि दिवा धरला. नळी काढताच फेरे शंभरेक पडले आणि खूण डोळ्यांदेखत मागे सरकली. डायलवर मोजले, तेव्हा मूळ टायमिंग मॅन्युअलमधल्या आकड्याच्या तब्बल आठ अंश मागे निघाले. नळी पुन्हा लावली, खूण परत जागेवर. चार वेळा काढ-घाल करून पाहिले, कारण पहिल्या वेळी माझा विश्वास बसला नाही. नळी काढलेली असताना खुणेचे नाचणेही बरेच कमी झाले.

वजनांचा ॲडव्हान्स सलग आहे, रोटर सोडल्यावर स्वतः परत येतो. डायफ्राम तोंडाने ओढून पाहिला. प्लेट हलली आणि थांबली. पेट्रोलच्या चवीबद्दल काकांनी आधी सांगितले होते, तरी व्हायचे ते झालेच. अडीच हजारांवर काटा दीड मिनिट स्थिर राहिला, म्हणजे सायलेन्सर मोकळा आहे.

प्लगच्या तारा एकेक अर्थ केल्या. पहिल्याने फेरे १८० पडले, दुसऱ्याने १७०, तिसऱ्याने १८५. फरक नाहीच म्हणायचा. मग पाण्याची बाटली घेतली. मॅनिफोल्डच्या तिन्ही सांध्यांवर काही झाले नाही, क्रँककेसच्या वाफेच्या नळीवरही नाही. या गाडीला ब्रेकचा बूस्टर नसल्याने ती एक मोठी नळी तपासायची वाचली. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, रेडिएटरच्या उलट बाजूला, जिथे हात कष्टाने पोचतो तिथे, धार लागताच इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि पाणी थांबवल्यावर दोन सेकंदांनी परत पूर्ववत झाला. पत्नीला गाडीत बसवून गेज बघायला सांगितले होते; तिने आतून ओरडून सांगितले, "साडेतेराचे पंधरा झाले, आता परत साडेतेरा."

रविवारी कार्ब्युरेटर उतरवला. खालच्या पॅकिंगवर एका बाजूला काळपट तपकिरी पट्टा होता आणि दुसऱ्या बाजूला ते कोरे, नवीन असल्यासारखे दिसत होते. म्हणजे त्या बाजूने ते कधी दाबलेच गेले नव्हते. कार्ब्युरेटरच्या बुडावर स्टीलची पट्टी उभी धरून मागे टॉर्च लावला, तर दोन स्टडांच्या मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली. बेकलाइटचा इन्सुलेटरही त्याच बाजूला वाकलेला होता. मागे कोणीतरी पॅकिंग न बदलता, हवा थांबावी म्हणून नट जोर लावून आवळले असावेत. कडा खाली ओढल्या गेल्या आणि मधला भाग वर उचलला गेला.

आता प्रश्न असा आहे. इन्सुलेटर नवा मिळाला. कार्ब्युरेटरच्या बुडासाठी दुकानदार दोन पॅकिंग एकावर एक घालून वर बॉन्ड लावायला सांगतो. तसे करावे काय?

निवृत्त_फिटर_सातारा:

करू नये. दोन पॅकिंग जास्त दबतात, म्हणजे नट जास्त आवळावे लागतात, म्हणजे बूड आणखी वाकते. शिवाय पेट्रोल लागल्यावर बॉन्डचे तुकडे सुटून आत जातात. जाड काचेच्या तुकड्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा आणि कार्ब्युरेटरचे बूड त्यावर आठाच्या आकारात, हलक्या हाताने, सगळीकडे सारखा दाब ठेवून फिरवा. संपूर्ण पृष्ठभागावर एकसारखी रेघोटी उठली की थांबा. आत धूळ जाऊ नये म्हणून आधी सर्व छिद्रे कापडाने बुजवा आणि शेवटी हवेने स्वच्छ करा. एकच नवे पॅकिंग, कोरडे. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि गाडी एकदा तापून गार झाली की पुन्हा एकदा हलकेच पाहा. एवढेच, जोर नको.

त्यानंतरचा क्रम चुकवू नका. स्लोचा स्क्रू आधी मागे घेऊन ८५०वर आणा, म्हणजे पाकळी डायफ्रामच्या छिद्राखाली जाईल. मग नळी काढून मूळ टायमिंग मॅन्युअलच्या आकड्यावर लावा. टायमिंग पुढे आले की फेरे थोडे वाढतील, तेव्हा स्लो पुन्हा खाली घ्या आणि टायमिंग पुन्हा एकदा तपासा. दोन्ही एकमेकांना ढकलतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतील. नळी जोडल्यावर स्लोवर खूण हलली नाही पाहिजे. हलली, तर पाकळी अजून जास्त उघडी आहे, म्हणजे हवा अजून कुठून तरी येते आहे.

डोंबिवलीकरांच्या समाधानासाठी बेल्टची खूणही पाहून घ्या. गाडी चौथ्या गियरमध्ये घालून सपाटीवर हळू पुढे ढकलत फ्लायव्हीलची टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असतानाची) खूण खिडकीत आणा आणि वरचे कव्हर काढून कॅमच्या पुलीची खूण मॅन्युअलमधल्या चित्राशी जुळते का ते बघा. एक दात चुकला असेल तर क्रँकच्या हिशेबाने पंधरा-वीस अंशांचा फरक दिसतो, तो डोळ्यांनी लपत नाही.

बावधनची_आठशे:

बेल्टची खूण जुळली, अगदी रेषेवर रेषा. डोंबिवलीकरांनी शंका काढली म्हणूनच ते पाहिले गेले, त्याबद्दल त्यांचे आभार.

काच आणि पॉलिश पेपरला पाऊण तास लागला. नवा इन्सुलेटर, एक कोरडे पॅकिंग. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि १५०० फेऱ्यांवर ओरडू लागले, कारण स्लोचा स्क्रू अजून त्या मेकॅनिकने लावलेल्या जागीच होता. तो जवळजवळ दोन वळसे मागे आल्यावर ८५०वर स्थिर झाले. टायमिंग आणि स्लो यांची ढकलाढकली तीन वेळा करावी लागली. आता नळी जोडली किंवा काढली, स्लोवर खूण हलत नाही. गेज पुण्यात सतरा इंच दाखवते.

काल साताऱ्याला गेलो. दोघे होतो, तिघे नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. खंबाटकीचे शेवटचे वळण सोडून बाकी सगळा घाट तिसऱ्यात चढला आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला नाही. येताना बोगदा असल्याने परतीची परीक्षा होत नाही. ॲव्हरेज टाकी रिकामी झाल्यावर कळवीन.

काट्याची बारीक थरथर अजून आहे, नळी दाबली की थांबते. पुढच्या रविवारी इंजिन गार असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, पाहणार आहे. मागच्या वेळी ते कधी लावले होते, याची नोंद वडिलांच्या वहीतही सापडत नाही.